भाड्याने लावलेला हात

आमच्या चिरंजीवांना एक खोड आहे. समोरच्याने हात पुढे केला की साहेब तो हात सोडून फोनकडे बघतात. शिंप्याने अंगाचं माप घेताना खिडकीबाहेर बघितलं, तर फार तर बाही आखूड होईल. खंजीर करणाऱ्याने हाताकडे बघितलं नाही तर काय होतं, ते आता आमच्या घरात सगळ्यांना कळलंय. कळायला एका बाईच्या तळव्याला टाके पडावे लागले, एवढंच.

आम्ही खंजीर करतो, आणि तेही मागणीप्रमाणे. तयार माल मांडून ठेवायचा आणि येईल त्याच्या गळ्यात मारायचा, हा धंदा या घरात कधी झाला नाही. कुणाला भिंतीवर लावायला हवा असतो, कुणाला नाटकात कमरेला खोचायला, कुणाला जंगलात न्यायला. पातं लांब हवं की आखूड, एका बाजूला धार की दोन्ही, हे गिऱ्हाईक सांगतं. मूठ कशी हवी हे मात्र आम्ही त्याला विचारत नाही. ते त्याचा हात सांगतो.

म्हणून पुढच्या खोलीत बिनहाताची खुर्ची आहे. हात ठेवायला जागा असली की माणूस ऐसपैस बसतो आणि मनगट ढिलं सोडतो. मी मेण गरम पाण्यात मऊ करते, त्याचा मुठीएवढा गोळा वळते आणि माणसाच्या हातात देते. डोळे मिटायचे आणि आता काहीतरी कापायचंय असं समजून गोळा धरायचा. मेण थंड होईपर्यंत सोडायचा नाही. आता गंमत अशी की, आपल्या हाताकडे कुणी बघतंय हे कळलं की माणूस मूठसुद्धा फोटोला उभं राहिल्यासारखी धरतो. मग मी त्याच्या सासूची चौकशी करते. सासूचा विषय निघाला की मूठ लगेच खरी होते. बायकांना नवऱ्याबद्दल विचारलं तरी चालतं.

त्या मेणावर बोटांच्या खोबणी उमटतात, तळव्याचा फुगवटा उमटतो, जुनी मोडलेली हाडंसुद्धा दिसतात. त्यावर बेतून लाकडाची मूठ करायची. आणि खंजीर तयार झाला की गिऱ्हाइकाला परत त्याच खुर्चीवर बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं आणि खंजीर हातात द्यायचा. बोटं एकदा मिटली आणि तिथेच थांबली, तर आम्ही म्हणतो, हात बसला. बोटं जराशी जरी इकडेतिकडे सरकली, तर हात शोधतोय. हात शोधत असेल तर खंजीर परत आत. गिऱ्हाईक कितीही म्हणो, अहो चालेल, सवय होईल. पायताणाची सवय होते, खंजिराची करून घ्यायची नसते. हात बसला की मग मुठीच्या टोकाला जी पितळी टोपी असते, तिच्यावर ठसा मारायचा. ठसा काय, एक टिंब आणि भोवती कडं. ह्यांच्या वडिलांनी करून ठेवलेला.

हे होते तोवर ठसा माझ्या एप्रनच्या खिशात असायचा. भट्टी ह्यांची, ठसा माझा. हे गेल्यावर चिरंजीव म्हणाले, आई, दर वेळी तुला हाक मारायची आणि तू पायऱ्या उतरून यायचं, तुझे गुडघे दुखतात. मला वाटलं, पोराला आईच्या गुडघ्यांची काळजी. दिला ठसा.

मग एक मशीन आलं. त्याला एका बाजूला सुई आणि दुसऱ्या बाजूला पातं. सुईखाली प्लास्टरचा साचा ठेवायचा आणि पात्याखाली लाकूड. सुई साच्यावरून जशी फिरेल तसं पातं लाकूड कापत जातं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणे, मेणावरून प्लास्टरचा साचा करायचा, मशीन ओबडधोबड मूठ काढेल, शेवटचा हात मी कानशीने फिरवीन. मला त्यात वावगं दिसलं नाही. यंत्राशी माझं वैर नाही. मिक्सर आला तेव्हा पाटा मीच उचलून बाहेर ठेवला होता.

त्यानंतर माल खोक्यातून जायला लागला. गिऱ्हाईक पहिल्यांदा येऊन मेणात हात देऊन जातं, पण खंजीर घ्यायला येत नाही. तो कुरियरने घरी जातो. डोळे मिटून धरायला लावणारं तिथे कोण? चिरंजीव म्हणाले, आई, लोकांना वेळ नाही. लोक फोनवर कळवतात, मस्त आहे म्हणून. आणि सूनबाई ते मला वाचून दाखवायची. एका माणसाने लिहिलं होतं की मुठीवर तो जो छोटा उंचवटा ठेवलाय, तो तर कमाल आहे. सूनबाईने लगेच पुढच्या फोटोखाली घातलं, आमच्या मुठीवरचा खास उंचवटा, आमची ओळख. मी म्हटलं, कसला उंचवटा? ती म्हणाली, अहो आई, नव्या पद्धतीचं काहीतरी असेल, मला तर दिसायला छान वाटतं. सूनबाईला सगळंच दिसायला छान वाटतं. लग्नात तिला माझा मुलगाही छान वाटला होता.

अशात एका दुपारी बुडीवाली आली.

ही बाई बंदरावर काम करते. बोटीच्या पंख्यात दोर आणि जाळी अडकून बसतात, ती पाण्याखाली जाऊन कापायची. डोळ्यांपुढे हात दिसत नाही इतकं गढूळ पाणी, वर बोट हलतेय, खाली ही. पुरुषांच्यात एकटी बाई, म्हणून सगळा धक्का तिला बुडीवाली म्हणतो आणि ती त्या नावाला ओ देते. एका साखळीत सापडून तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची वरची पेरं गेलेली. बाजारातला कुठलाच सुरा हातात टिकेना म्हणून ती मागे आमच्याकडे आली होती. तिचं मेण मीच घेतलं होतं. तिला सासूही नाही आणि नवराही नाही, त्यामुळे तिला काम देणाऱ्या ठेकेदाराबद्दल विचारावं लागलं. काय मूठ धरली होती बाईने. मेणातून पाणी निघेल असं वाटलं.

ती दारात उभी राहिली तेव्हा त्याच हाताला पट्टी होती. आत ये म्हटलं तर आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि पिशवीतून खंजीर काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"मावशी, हा तुम्ही ठेवून घ्या. दुसऱ्या कुणाला तरी द्या. वस्तू चांगली आहे, वाया जायला नको."

मी विचारलं, का गं? मग तिने सांगितलं. पाण्याखाली जाड दोर कापत होती. जोर लावला आणि मूठ हातातच फिरली. सगळा हात पुढे घसरून पात्यावर गेला. वर आली तेव्हा भोवतालचं पाणी लाल झालेलं. टाके पडले. त्याचंही तिला काही नव्हतं, तिच्या अंगावर टाक्यांना तोटा नाही. पण ठेकेदार सगळ्यांदेखत म्हणाला, बोटं नसलेल्या बाईला पाण्यात पाठवायचं म्हणजे तिच्या मरणाचा जबाबदार मी. तू आता धक्क्यावर बसून दोर गुंडाळ. आणि हे सांगताना ती ठेकेदारावर चिडली नव्हती. तीच मला समजावत होती. म्हणाली, तुम्ही तर माझ्या हाताचं माप घेऊन केला. एवढा मापाने केलेला खंजीरसुद्धा टिकत नाही म्हणजे हातच कामातून गेला. आमच्या कामात असं होतं, मावशी. कुणाचे कान जातात, कुणाचा दम जातो. माझा हात गेला.

मी खंजीर उचलला. पातं बघितलं. पात्यात खोट नव्हती. चिरंजीव पातं उत्तमच करतात, पाणी असं देतात की नखाने टिचकी मारली तर घंटेसारखं वाजतं. मग मी मूठ धरली. डोळे मिटले, इतक्या वर्षांची सवय.

आणि माझं करंगळीशेजारचं बोट एका उंचवट्यावर जाऊन टेकलं.

ह्यांचं ते बोट अर्धं होतं. लग्नाच्या आधीच सहाणेच्या चाकात गेलेलं. जेवायला हाक मारली की हे आतून पंजा दाखवायचे, पाच मिनिटांत आलो. मी म्हणायची, मला साडेचारच दिसतात, लवकर या. जिथे ह्यांचं बोट संपायचं तिथे मुठीत पोकळी राहू नये म्हणून हे लाकूड जरा फुगीर ठेवायचे. दुसऱ्या कुणाच्या मुठीत नाही, फक्त स्वतःच्या हत्यारांच्या. तोच फुगवटा. अंगठ्याच्या बाजूला तीच रुंद बैठक. मी तो हात संसारभर हातात घेतलाय, मला तो लाकडात कळायला चष्मा लागत नाही.

बुडीवालीचं बोट गेलेलं मधलं. तिथे मुठीला फुगवटा हवा, तर तिथे खोलगट. करंगळीशेजारी तिचं बोट धडधाकट, तर तिथे ह्यांचा उंचवटा, बोटाला बाहेर ढकलणारा. ओल्या हातात ती मूठ फिरणार नाही तर काय करेल?

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की खंजीर खाली ठेवताना टेबलावर आपटला. बुडीवाली दचकली. तिला वाटलं, मी तिच्यावर रागावले. मी तिला म्हटलं, तू बस, चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि मागे कारखान्यात गेले. गुडघे दुखतात म्हणून ज्या तीन पायऱ्या मी टाळायची, त्या कशा उतरले ते आठवत नाही.

चिरंजीव भट्टीपाशी होते. कानात ते वायरीचं गाणं. सूनबाई लांब टेबलावर खोकी भरत होती. जाणाऱ्या मालाची रांग लावून ठेवलेली, प्रत्येक खंजिराला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. मी त्याच्या कानातली वायर ओढली आणि विचारलं, बुडीवालीचं मेण कुठे आहे?

म्हणाला, कढईत. मेण काय, परत वितळवतो ना आपण.

मग तिचा प्लास्टरचा साचा?

इकडेतिकडे बघायला लागला. साचा तुटला असेल. मेण उन्हाने सरकलं असेल. तिनेच नीट धरलं नसेल. तिचा हात तसाही जरा वेगळाच आहे, आई, तुला माहीत आहे. तोंड वर करून एकामागून एक. मी म्हटलं, बरं. टेबलावरचा पुसायचा मोठा फडका घेतला आणि त्या सगळ्या रांगेवर पांघरला. सगळे खंजीर म्यानात होते, मुठी फडक्याखाली. मग मी त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि हात फडक्याखाली घातला.

पहिली मूठ धरली. "तुझा बाप."

दुसरी धरली. "तुझा बाप."

तिसरी. "ही मूठ कुणाची आहे गं, सूनबाई? त्या नाटकवाल्या पोरीची? केवढीशी तिची मनगटं. तिच्याही हातात तुझा सासरा."

सूनबाईला आधी हसू फुटलं, मग माझं तोंड बघून ते तिथल्या तिथे विरलं. चिरंजीव भट्टीकडे बघत उभे. मी रांगेच्या शेवटापर्यंत गेले. एकसुद्धा परका हात सापडला नाही. एवढी माणसं माझ्यासमोर त्या खुर्चीवर बसली, मी एवढ्या सासवांच्या चौकशा केल्या, मेण मळून मळून माझे अंगठे सुजले, आणि हा शहाणा आत येऊन ते हात कढईत ढकलत होता. मी मळायचं, त्याने वितळवायचं, परत मी तेच मेण मळायचं.

तो अजूनही हो म्हणायला तयार नव्हता. म्हणाला, मुठी सारख्या वाटतात, कारण हात सगळ्यांचे थोडेफार सारखेच असतात. तेव्हा सूनबाई उठली. टेबलाखालच्या लाकडी पेटीतून तिने काढला आणि माझ्यासमोर ठेवला. प्लास्टरचा साचा. इतका वापरलेला की सुई फिरून फिरून खोबणींना चकाकी आलेली. ह्यांनी जाण्याच्या आधी स्वतःसाठी एक मेण धरून ठेवलं होतं, कपाटावर असायचं, त्याचा खंजीर करायचा राहूनच गेला. मला वाटायचं, ते मेण उन्हाळ्यात वितळून गेलं. ते वितळलं नव्हतं. त्याला नोकरीला लावलं होतं.

"आई, मला वाटलं तुम्हीच सांगितलंय त्यांना," सूनबाई म्हणाली. "मी बुडीवालीच्या वेळी त्यांना म्हटलंही होतं, या बाईचं बोट वेगळं आहे. तर म्हणाले, आईला विचारलंय."

म्हणजे माझं नावही वापरून झालं होतं.

मग चिरंजीवांना कंठ फुटला. आणि मला जास्त राग कशाचा आला असेल तर त्याच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं याचा. म्हणाला, बाबांचा हात सगळ्यांना बसतो. तो हातच तसा आहे. लोक खूश आहेत, कुणी परत पाठवला का एक तरी? भिंतीवर लावणाऱ्याला काय फरक पडतो? एकेका माणसाच्या साच्याला वाळायला किती वेळ जातो तुला माहीत नाही. मी एकटा किती करू? आणि बाबांची आठवणच राहते ना त्यात, असंही म्हणाला. हे शेवटचं बोलताना त्याने आवाज ओला केला. त्याला माहीत आहे, ह्यांचं नाव काढलं की मी नरम पडते.

मी नरम पडले नाही. मी त्याला म्हटलं, "आठवण ठेवायची तर उशाशी ठेव. तू बापाचा हात भाड्याने लावलास. नवरा माझा, हात माझा, आणि मला न विचारता तो तू गावभर कुणाच्याही मुठीत दिलास. वर आईला विचारलंय म्हणालास. आता बाहेर चल. ती बाई तिथे बसलीय."

तो म्हणाला, तिला काय सांगायचं?

मी म्हटलं, खरं ते.

पुढच्या खोलीपर्यंत त्याला दंड धरून आणावं लागलं. एवढा घण मारणारा माणूस, दारात त्याचा पाय उचलेना. बुडीवाली चहाचा कप पट्टीच्या हातात अवघडून धरून बसली होती. चिरंजीवांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, की त्याचं काय झालं ताई, मशीनची जरा सेटिंग. मी नुसती खाकरले. मग मशीनची काहीशी चूक. मी परत खाकरले. सूनबाई दाराला टेकून उभी होती, ती म्हणाली, सांगा ना सरळ, चहा निवतोय त्यांचा. तेव्हा कुठे तो जमिनीकडे बघून बोलला.

"ही मूठ तुमच्या हाताची नाही. मी तुमचं मेण वापरलंच नाही. माझ्या वडिलांच्या हाताचा साचा होता, तो लावला."

मला वाटलं, बाई आता कप फेकेल. मी तर टेबलावरचा खंजीर बाजूला सरकवून ठेवला, न जाणो. मी तिच्या जागी असते तर काही सांगता आलं नसतं. पण नाही. तिने कप खाली ठेवला आणि पट्टीचा हात उलटासुलटा करून बघायला लागली. जणू कुणीतरी तिची हरवलेली वस्तू आणून दिलीय आणि ती आपलीच आहे ना, याची खात्री करून घेतेय.

"म्हणजे माझा हात चांगला आहे?" ती म्हणाली.

तिने आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर माझा राग निम्मा झाला असता. ती खूश झाली, तिथे तो दुप्पट झाला. एवढे दिवस ही बाई धक्क्यावर बसून दोर गुंडाळत होती आणि आपलाच हात आपल्याला दगा देतो असं समजून गप्प होती. आणि आमचे हे राजे आत गाणी ऐकत होते.

मी तिला म्हटलं, हात चांगला आहे, टाके सुटले की ये. ये म्हणजे ये, नाहीतर मी धक्क्यावर येईन आणि मला पोहता येत नाही.

टाके सुटल्यावर ती आली. मेण मी मऊ केलं, पण माझे सुजलेले अंगठे गोळा नीट वळेनात. सूनबाई बघत होती. न विचारता पुढे आली आणि माझ्या हातातून गोळा घेतला. मी म्हटलं, फार दाबू नकोस. ती म्हणाली, नाही दाबत. मी म्हटलं, कडेला जाड ठेव. ती म्हणाली, ठेवतेय. मी अजून एक सूचना केली, तेव्हा म्हणाली, आई, तुम्ही बाहेर जाऊन येता का जरा? उद्धटच आहे. पण गोळा तिने बरोबर वळला. बुडीवालीच्या हातात देऊन तिने त्या कापल्या गेलेल्या बोटाखालचं मेण जिथल्या तिथे राहू दिलं, आपल्या नखाने टोकरून खोबण पाडायला गेली नाही. नव्या माणसाला तो मोह होतोच, प्रत्येक बोटाला खोबण हवी असं वाटतं. आणि वर विचारते काय, तर तुमचा ठेकेदार दिसायला कसा आहे हो? बुडीवालीने अशी मूठ आवळली की विचारू नका.

मशीन मी फडक्याने झाकलं आणि चिरंजीवांना कानस दिली. कर हाताने. माझ्यासमोर. मी स्टूल टाकून बसले. पहिले दोन दिवस तोंड फुगवून काम केलं. कानस अशी घासायचा की दात शिवशिवावेत. मध्येच म्हणाला, आई, तू इथे बसलीस की माझा हात चालत नाही. मी म्हटलं, चालणारे हात कसे चालले ते बघून झालंय माझं. मग हळूहळू त्याचं बोलणं थांबलं. मेण बघायचा, लाकूड बघायचा, स्वतःचं मधलं बोट दुमडून मूठ धरून बघायचा. मधल्या बोटाखालचा फुगवटा त्याने आधी फार वर घेतला, ते त्याच्याच लक्षात आलं, ती मूठ स्वतःहून भट्टीत टाकली आणि नवं लाकूड घेतलं. त्याचं त्याला कळत होतं तिथे मी कशाला तोंड घालू? लाकूड तेलात मुरवलं, पुसलं, परत मुरवलं. खोटं कशाला बोलू, त्याच्या हातात कला आहे. मूठ अशी झाली की ह्यांनीही फिरवून फिरवून बघितली असती.

बुडीवाली आली. खुर्चीवर बसली, डोळे मिटले. सूनबाईने खंजीर तिच्या हातात दिला. आम्ही तिघं तिच्या बोटांकडे बघत होतो, चिरंजीवसुद्धा. फोन खिशात होता, वाजला तरी काढला नाही.

बोटं मिटली आणि तिथेच थांबली. सूनबाईने मुठीवर तेलाचा हात फिरवून परत धरायला लावली, ओल्या हाताला कशी बसते ते बघायला. माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं. तरी बसली. बुडीवालीने डोळे न उघडताच हवेत एक दोर कापला, खालून वर, खसकन. मग उठली आणि म्हणाली, चलते मावशी, ठेकेदाराला दाखवायचाय. कसा दाखवणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्याच्या बोटीचा दोर कापून. मी तिला थांबवलं, ठसा राहिला होता.

त्या दिवशी चिरंजीवांकडून ठसा मी परत घेतला होता, तो एप्रनच्या खिशात होता. मी तो काढला, पितळी टोपीवर टेकवला आणि एकच घाव घातला. टिंब आणि कडं, स्वच्छ उमटलं. बुडीवाली गेली. जाताना शीळ घालत होती.

ठसा माझ्या हातातच होता. चिरंजीव समोर आले आणि तळवा पुढे केला. सगळं मिटलं, आता आण इकडे, अशा थाटात. मागे कारखान्यात मालाची रांग थांबली होती, गिऱ्हाइकांचे फोन येत होते, ते मलाही ऐकू येत होतं. मी त्याच्या तळव्याकडे बघितलं. मोठा, रुंद, ह्यांच्यासारखाच, फक्त बोटं पुरी. मग मी सूनबाईचा हात ओढला, ठसा तिच्या हातात ठेवला आणि तिची बोटं मिटवली. ती काही म्हणणार होती, तिला गप्प बस म्हटलं. आणि त्याला सांगितलं.

"मूठ चांगली केलीस, त्यात मी खोट काढणार नाही. पण तुला माणसांचा कंटाळा आलाय, आणि ज्याला माणसांचा कंटाळा आला त्याने मुठी करायच्या नसतात. तू पाती कर, लोखंडाला कुणी सासूबद्दल विचारत नाही. मेण, मूठ आणि ठसा आजपासून हिच्याकडे. ती जी मागे रांग आहे, ती जाणार नाही. आणि ज्यांच्या घरी तुझ्या बापाचा हात खोक्यातून गेलाय, त्या एकेकाला तू स्वतः फोन लावायचा, या खुर्चीवर बसवायचं आणि बुडीवालीला सांगितलंस तेच तोंडाने सांगायचं. सेटिंग नाही, मशीन नाही. एखादा म्हणेल, मला आवडतो, राहू दे, तरी सांगायचं. साचा माझ्या खोलीत आणून ठेव आणि परत त्याला हात लावू नकोस. शेवटचा माणूस त्या खुर्चीवरून उठला की मग ये माझ्यासमोर हात पसरायला. तेव्हाही देईनच असं नाही."